स्वयंचलित गिअरपेटीचे तेल : जुन्या मोटारींसाठी निवड

स्वयंचलित गिअरपेटीचे तेल (एटीएफ). टॉर्क कन्व्हर्टर (एंजिनाची शक्ती तेलामार्फत गिअरपेटीला देणारा भाग), ग्रहीय दंतचक्रे आणि तेलात बुडालेले क्लच असलेल्या गिअरपेटीत वापरले जाणारे, बहुधा लाल रंगाचे पातळ तेल. एंजिनाची शक्ती पुढे पोहोचवणे, झडपांना दाब पुरवणे, क्लचच्या चकत्यांमधील घर्षण मापात ठेवणे आणि उष्णता वाहून नेणे ही सगळी कामे ते एकाच वेळी करते. साध्या गिअर तेलाने घर्षण कमी केले की त्याचे काम संपते. एटीएफला मात्र क्लच धरताना पुरेसे आणि गिअर बदलताना बेताचे घर्षण द्यावे लागते. लाख-दीड लाख किमी. धावलेल्या गाडीसाठी तेल निवडताना अडचण येते ती यामुळेच. प्रस्तुत नोंदीत इंदूर परिसरातील वापर डोळ्यांसमोर ठेवला आहे.

पूर्वपीठिका. जनरल मोटर्सची ‘हायड्रा-मॅटिक’ गिअरपेटी १९३९ च्या सुमारास ओल्डस्मोबिल गाड्यांतून बाजारात आली. तिच्यासाठी वेगळ्या तेलाचे पहिले सर्वमान्य प्रमाण (मानक) ‘टाइप ए’ १९४९ मध्ये ठरले, १९५७ मध्ये त्याची ‘सफिक्स ए’ ही सुधारित आवृत्ती आली आणि १९६७ मध्ये ‘डेक्सरॉन’. फोर्डने त्याच दशकात वेगळी वाट धरली. त्यांच्या ‘टाइप एफ’मध्ये घर्षण सौम्य करणारी द्रव्ये जवळजवळ नव्हती, त्यामुळे क्लच झटकन पकडत आणि गिअर बदलल्याचा धक्का जाणवे. डेक्सरॉनमध्ये गिअर मऊ पडत. एका पंथाची पेटी दुसऱ्याच्या तेलावर चालवली की ती एकतर सरकते (क्लच पकड न धरता घसरतो) नाहीतर झटके देते, हा अनुभव तेव्हापासूनचा आहे.

घर्षण सौम्य करण्यासाठी त्या काळी स्पर्म व्हेलच्या तेलापासून केलेली द्रव्ये वापरीत. अमेरिकेत १९७० मध्ये हा प्राणी संकटग्रस्तांच्या यादीत गेला आणि काही वर्षांतच हे तेल मिळेनासे झाले. पर्याय म्हणून होहोबाच्या बियांच्या तेलावरही प्रयोग झाले. डेक्सरॉन-२ हे १९७३ च्या सुमाराचे. सत्तरच्या दशकात अमेरिकेत गिअरपेट्या बिघडण्याचे प्रमाण वाढले ते व्हेल तेल गेल्यामुळे, असे लोकप्रिय लेखनात वारंवार सांगितले जाते. आकडेही दिले जातात, पण त्यांचा माग लागत नाही. दुसरे मत असे, की डेक्सरॉन-२ च्या ‘सी’ आवृत्तीने तेल थंड करणाऱ्या नळ्यांचे डाख खाल्ले, म्हणून गंजरोधक घालून ‘डी’ आवृत्ती काढावी लागली. ‘डी’चा पाठोपाठ जन्म पाहता हे मत अधिक ग्राह्य वाटते. अर्थात दोन्ही कारणे एकाच वेळी खरी असण्याला अडचण नाही.

डेक्सरॉन-३ हे १९९३ चे. त्याचे परवाने २००६ अखेर संपले आणि जागी डेक्सरॉन-६ आले. आजही बाटल्यांवर ‘डेक्स-३’ छापलेले दिसते, पण त्यामागे जनरल मोटर्सची चालू परवानगी नसते. उत्पादकाच्या शब्दावरच विसंबावे लागते. १००° से. ला डेक्सरॉन-३ ची श्यानता (दाटपणा) सुमारे ७ ते ७.५ सेंटिस्टोक, डेक्सरॉन-६ ची सुमारे ६ आणि टोयोटाच्या ‘डब्ल्यूएस’ची त्याहून थोडी कमी असते. जनरल मोटर्सच्या मते डेक्सरॉन-६ जुन्या डेक्सरॉन पेट्यांत चालते. ही हमी तिच्या स्वतःच्या पेट्यांपुरती समजावी. कडक झालेली सील, झिजलेली झडप-गाळ्याची (झडपा बसवलेल्या ठोकळ्याची) भोके आणि पातळ तेल हे त्रिकूट इतरांच्या जुन्या पेटीला मानवेलच असे नाही.

भारतातील जुन्या गाड्या. येथे जपानी व कोरियन कंपन्यांची तेल-मानकेच अधिक उपयोगी पडतात. २००० नंतरच्या दशकातील कोरोलाला ‘टी-४’, चार गिअरच्या आय-१० व तिच्या काळच्या ह्युंडाईंना ‘एसपी-३’, सहा गिअरच्या नंतरच्या ह्युंडाईंना ‘एसपी-४’. होंडाचे ‘झेड-१’ आता मिळत नाही. त्याच्या जागी कंपनी ‘डीडब्ल्यू-१’ सांगते. ‘टी-४’ आणि ‘डब्ल्यूएस’ दोन्ही टोयोटाचीच असली तरी एकमेकांच्या जागी घालू नयेत. तेल कोणते हे डिपस्टिकवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेले असते आणि निवडीचा पहिला आधार तोच. ‘हाय मायलेज’ म्हणून विकल्या जाणाऱ्या तेलांत सील फुगवणारी द्रव्ये जादा असतात. किरकोळ झिरपा त्याने थांबू शकतो, झिजलेला क्लच परत येत नाही. बाटलीवर नेमके प्रमाण नसेल तर त्या विशेषणाला अर्थ नाही.

बदलावे की नाही. ‘इतकी वर्षे हात लावला नाही, आता लावू नका’ हा सल्ला इंदुरातल्या मिस्त्रींकडून हमखास ऐकू येतो आणि तो निव्वळ अंधश्रद्धा नव्हे. त्यामागची उपपत्ती अशी, की क्लचच्या चकत्यांवरून झडलेली बारीक पूड जुन्या तेलात तरंगत असते आणि तिच्यामुळेच झिजलेला क्लच कसाबसा धरतो. स्वच्छ तेल आले की तो सरकू लागतो. शिवाय ताज्या तेलातील मळ साफ करणारी द्रव्ये साठलेला गाळ सोडवून झडपांत नेतात. विरोधी मत असे, की बहुतेक मालक गिअर सरकू लागल्यावरच तेल बदलायला येतात. पेटी मुळातच संपलेली असते आणि दोष नव्या तेलाच्या माथी बसतो. दुसरे मत कार्यकारणाच्या दृष्टीने सरस आहे, पहिलेही अगदीच सोडून देण्याजोगे नाही.

काही मोटार कंपन्या तेल ‘आयुष्यभराचे’ असल्याचे सांगतात. उलट गिअरपेट्या बनवणारी झेडएफ ही जर्मन कंपनी आपल्या पेट्यांसाठी ८०,००० ते १,२०,००० किमी. किंवा आठ वर्षांनी बदल सुचवते. पेटी ज्याने केली त्याचे मत येथे वजनदार मानावे.

मधला मार्ग टप्प्याटप्प्याने बदलण्याचा. तळाचा बोल्ट काढल्यावर सगळे तेल येत नाही. बरेचसे कन्व्हर्टरमध्ये राहते. एका वेळी ४०% बदलले असे धरले तर जुने तेल पहिल्या खेपेनंतर ६०%, दुसरीनंतर ३६% आणि तिसरीनंतर सुमारे २२% उरते. दोन खेपांमध्ये काही शे किमी. गाडी चालवावी. यंत्राने दाब देऊन केलेले फ्लशिंग जुन्या पेटीत टाळलेले बरे. तेल काळे असून जळका वास येत असेल आणि गिअर आधीच सरकत असेल, तर तेल बदलण्याआधी पॅन (पेटीचे तळाचे भांडे) उघडून त्यातला चुंबक पाहावा : राखाडी लेप नेहमीचा, धातूचे कपचे दिसले तर खर्च तेलाचा नसून पेटीचा आहे. गुलाबी, दुधाळ तेल म्हणजे रेडिएटरमधले पाणी आत शिरले आहे.

इंदूर परिसर. पीथमपूरला वाहनउद्योग आणि ११.३ किमी. चा वेगचाचणी मार्ग हाकेच्या अंतरावर असले तरी जुन्या एटीएफचा निवाडा देवास नाक्यावरच्या गॅरेजात होतो. तिथली मुख्य अडचण अशी, की दुकानात नुसते ‘लाल तेल’ मागितले तर ट्रक-बसच्या पॉवर स्टिअरिंगसाठी खपणारे ‘टाइप ए’ वर्गाचे तेल पुढे येते. रंग सारखाच असतो. लाल रंग गळती ओळखता यावी म्हणून घातलेला आहे, त्यावरून गुण कळत नाही. ‘टी-४’ किंवा ‘एसपी-३’ मागणाऱ्या पेटीत हे तेल गेले, की बरेचदा आधी थरथर आणि मग सरकणे सुरू होते.

राजवाड्याभोवतीच्या मुंगीच्या चालीत कन्व्हर्टर लॉक होत नाही (एंजिन व पेटी थेट जोडली जात नाहीत), सतत सरकत राहतो आणि तेल तापते. मे महिन्यात आजोळी नाशिक-पुण्याकडे निघालेल्या, सामानाने भरलेल्या गाडीची कसोटी वेगळी : भेरूघाट उतरून नर्मदा ओलांडायची, मग सेंधव्यापुढचा बिजासन घाट, परतताना हेच चढ उलट्या बाजूने. तापमान दर १०° से. ने वाढले की तेलाचे ऑक्सिडीकरण साधारण दुप्पट होते, हा ढोबळ नियम येथे लागू पडतो. अशा वापरात पुस्तिकेतील ‘कठीण वापर’ हा रकाना धरावा.

पातळी मोजण्याबाबत एक बारकावा क्वचितच सांगितला जातो. डिपस्टिक नसलेल्या टोयोटा पेट्यांत तेल सुमारे ३५° ते ४५° से. असताना ओव्हरफ्लो बोल्टमधून पातळी ठरवतात. इंदुरात मेच्या दुपारी हवाच अनेकदा ४०° च्या वर असते. उन्हात उभ्या गाडीचे एंजिन सुरू केले, की तेल थोड्याच वेळात ही मर्यादा ओलांडते. मग प्रसरण पावलेले तेल जास्त सांडते आणि पेटी कमी भरते. हे काम सकाळी, स्कॅनरवर तापमान पाहत करावे. बहुतेक डिपस्टिकवाल्या पेट्यांत तेल गरम आणि एंजिन चालू ठेवून पातळी पाहतात. होंडात मात्र गरम एंजिन बंद केल्यावर मिनिट-दीड मिनिटात.

इतर प्रकार. सीव्हीटीत (ठराविक गिअर नसलेल्या, पट्टा-पुलीच्या पेटीत) पट्टा आणि पुलीचे घर्षण निर्णायक असल्याने वरीलपैकी कोणतेही एटीएफ चालत नाही. होंडाच्याच जुन्या सीव्हीटीचे ‘एचएमएमएफ’ आणि नव्यांचे ‘एचसीएफ-२’ वेगळे आहे. २०१४ च्या सेलेरियोपासून रुळलेली एएमटी ही मूलतः हाताने बदलायची पेटी असून तिला साधे गिअर तेल आणि ॲक्च्युएटरसाठी (क्लच व गिअर आपोआप हलवणाऱ्या भागासाठी) वेगळे हायड्रॉलिक तेल लागते.