मॅक 7 म्हणजे वेग नव्हे

हायपरसॉनिक विंड टनेल (आवाजाच्या पाचपटीहून जास्त वेगाची हवा विमानाच्या प्रतिकृतीवर सोडणारं यंत्र) आणि शॉक टनेल (हेच काम शॉक वेव्हने, म्हणजे दाबाच्या धक्क्याच्या लाटेने करणारं) यांत फरक काय, असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं: पहिलं काही सेकंद चालतं, दुसरं मिलिसेकंदांत आटोपतं. बरोबर आहे, पण त्यावर कोणी अडखळत नाही. घोळ होतो वेगाचा. "टनेलमध्ये मॅक 7, म्हणजे विमानाइतकाच वेग" हे वाक्य प्रोजेक्ट रिपोर्टांमध्ये वाचून वाचून मी विटलोय.

मॅक म्हणजे वाऱ्याचा वेग भागिले त्याच हवेतला आवाजाचा वेग. आणि आवाजाचा वेग तापमानाबरोबर बदलतो. नागपुरात मे महिन्यात 45 अंशांना तो सेकंदाला साधारण 357 मीटर, डिसेंबरच्या पहाटे 10 अंशांना 337.

विंड टनेलचं नोझल, म्हणजे हवा ज्यातून सुटते ते रुंदावत जाणारं तोंड, याचाच फायदा उठवतं. हवा प्रसरण पावत पळते आणि पळता पळता भयानक गारठते. आवाजाचा वेग घटतो, मॅक फुगतो. खोलीतली हवा तशीच मॅक 7 ला न्यायची म्हटली तर हिशेबाने तापमान येतं 28 केल्विन, म्हणजे उणे 245 अंश, आणि वेग सेकंदाला फक्त 740 मीटर! त्याआधीच हवेचे थेंब व्हायला लागतील. हीटर असतो तो एवढ्यासाठी. उड्डाणातली आग आणायला नव्हे. हवा 700 केल्विनपर्यंत तापवली तरी वेग 1,130 च्या आसपास. 30 किलोमीटर उंचीवर खरा मॅक 7 म्हणजे 2,100 मीटर, आणि विमानाच्या नाकाशी अडलेली हवा 2,000 केल्विनच्या वर.

ही उष्णता हवी असेल तर शॉक टनेल. जास्त दाबाचा वायू अडवणारा पडदा फुटतो, शॉक वेव्ह नळीतल्या हवेला क्षणात दाबून तापवते, मग ती नोझलमधून सुटते. हैदराबादला डिसेंबर 2020 मध्ये सुरू झालेल्या डीआरडीओच्या विंड टनेलची ओळख मॅक 5 ते 12 अशी दिली जाते. कानपूर आयआयटीचं एस2 नावाचं टनेल शॉक टनेलच्याच घराण्यातलं, त्याची ओळख मात्र सेकंदाला 3 ते 10 किलोमीटर अशी. उगाच नाही.

नुसता दाब आणि बल मोजायचं असेल तर शॉक टनेलचा हट्ट धरू नका, गार विंड टनेल उत्तम. स्क्रॅमजेटचं (आवाजाहून वेगाने वाहणाऱ्या हवेत इंधन जाळणाऱ्या इंजिनाचं) ज्वलन किंवा ऑक्सिजनच्या रेणूंची फाटाफूट पाहायची असेल तर तेच गार टनेल कुचकामी. रिपोर्टात मॅकशेजारी नोझलमध्ये शिरण्याआधीचं हवेचं मूळ तापमान लिहिलेलं नसेल, तर मी पुढचं पान उलटत नाही.