पेनल्टी पॉइंट (ग्रेट ब्रिटन)

वाहतुकीच्या गुन्ह्याबद्दल दंडाबरोबर चालकाच्या नावावर चढणारे पॉइंट. १९८१च्या ट्रान्सपोर्ट ॲक्टने ही पद्धत आणली. नोंदी स्वान्सी येथील डीव्हीएलए हे सरकारी कार्यालय ठेवते. प्रत्येक गुन्ह्याचा संकेत आणि पॉइंट ठरलेले असतात : वेगमर्यादा ओलांडणे (एसपी३०) ३ ते ६, विम्याविना गाडी चालवणे (आयएन१०) ६ ते ८, गाडी चालवताना हातात फोन (सीयू८०) ६. किरकोळ वेगभंगाला पोलीस पुष्कळदा प्रशिक्षणवर्गाचा पर्याय देतात. तो पूर्ण केल्यास पॉइंट लागत नाहीत.

तीन वर्षांच्या आत घडलेल्या गुन्ह्यांचे मिळून १२ पॉइंट झाले की एरवी किमान ६ महिने गाडी चालवण्यावर बंदी येते. बंदीमुळे असाधारण हाल होतील असे न्यायालयाला पटवता आले, तर ती टळू शकते. मात्र नुसती गैरसोय हे कारण चालत नाही आणि एकदा मान्य झालेले कारण पुढील तीन वर्षांत पुन्हा सांगता येत नाही.

नव्या चालकांना नियम फार कडक आहे, आणि तो असायलाच हवा. पहिली चाचणी उत्तीर्ण झाल्यापासून दोन वर्षांत ६ पॉइंट लागले की परवाना रद्द होतो. म्हणजे एकदा फोन हातात धरलेला सापडला तरी पुरे. मग शिकाऊ परवान्यापासून सुरुवात करून सैद्धांतिक आणि प्रत्यक्ष, दोन्ही चाचण्या पुन्हा द्याव्या लागतात.

लोकांचा खरा घोटाळा होतो तो मुदतींत. मार्च २०२२मध्ये वेगभंग केला असेल, तर ते पॉइंट बंदीच्या हिशेबात मार्च २०२५पर्यंत धरले जातात, नोंदीवर मात्र मार्च २०२६पर्यंत दिसतात. १९७४च्या पुनर्वसन कायद्यानुसार प्रौढ चालकाची अशी शिक्षा पाच वर्षांनी कालबाह्य होते. त्यामुळे पॉइंट नोंदीवरून गेल्यानंतरही विमा कंपनी त्याबद्दल विचारू शकते, आणि विचारल्यावर खरे सांगावेच लागते. माहिती जाणूनबुजून दडवली तर पॉलिसी रद्द ठरू शकते. १०० पौंडांचा दंड एकदा भरला की संपतो. पॉइंटमुळे वाढलेला विम्याचा हप्ता वर्षानुवर्षे भरावा लागतो.

मद्यपान करून गाडी चालवल्यास (डीआर१०) एरवी किमान १२ महिने बंदी येते आणि नोंद ११ वर्षे राहते. दहा वर्षांत हाच गुन्हा पुन्हा घडला तर बंदी किमान तीन वर्षांची होते.