ग्लुकोज पावडर म्हणजे ओआरएस नव्हे

एप्रिल लागला की अथणी-रायबागपासून निपाणीपर्यंत मेडिकलच्या काउंटरवर हेच ऐकू येतं: "ओआरएस नसेल तर ग्लुकोज द्या, एकच की ते." एकच नाही. ओआरएस म्हणजे जुलाबात, घामात गेलेलं पाणी आणि मीठ भरून काढायला पाण्यात कालवायची क्षार-साखरेची पावडर.

ग्लुकोज पावडर घरोघरी माहीत आहे. जवळजवळ सगळी साखरच. उपाशीपोटी गळाल्यासारखं झालं तर तरतरी देते, एवढंच तिचं काम.

घोळ मिठाचा आहे. घामातून पाण्याबरोबर मीठ जातं आणि ग्लुकोजच्या पाण्यात ते जवळपास नसतंच. भर उन्हात चार-पाच तास भांगलण करताना नुसतं गोड पाणी ढोसत राहिलं, तर रक्तातलं सोडियम आणखी उतरतं. पोटऱ्यांत गोळे येतात, डोकं ठणकतं, मळमळतं. मग घरचे आणखी ग्लुकोज पाजतात! आतडं सोडियम आणि ग्लुकोज जोडीनं शोषतं, पाणी त्यांच्या मागून आत जातं. म्हणून ओआरएसमध्ये दोन्ही मोजून असतात: लिटरला मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, शिवाय पोटॅशियम क्लोराइड १.५ आणि सायट्रेट २.९ ग्रॅम. साखर फार झाली की उलट पाणीच आतड्यात ओढलं जातं. जुलाब लागलेल्या पोराला दाट ग्लुकोज देऊ नये ते यासाठी.

म्हणूनच ओआरएसचं पाकीट अंदाजपंचे फोडू नका. मोठं, सुमारे २१ ग्रॅमचं, अख्खं एका लिटरमध्ये. छोटं, चारेक ग्रॅमचं, २०० मिलिलिटरमध्ये. तांब्यानं मोजू नका, लिटरची बाटली घ्या. वरून साखर नको, सरबत नको, आणि कालवल्यावर उकळणं तर नकोच. २४ तासांनी उरलेलं ओतून द्या. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा.

फळांच्या चवीचे टेट्रापॅकही ओआरएस नव्हेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयनं, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, अशा पेयांच्या नावात 'ओआरएस' वापरायला मनाई केली, ते फार आधी व्हायला हवं होतं.

साध्या तहानेला पाणी, मीठ घातलेलं ताक पुरे. बीपी किंवा किडनीचा त्रास असेल तर ओआरएस डॉक्टरांना विचारूनच.

माणूस असंबद्ध बडबडतोय, भान हरपलंय, अंग भाजतंय, तर तोंडात ग्लुकोज, ओआरएस काहीच घालू नका. सावलीत आणा, अंगभर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा.