पैसेवारी पिकाची कळते, चुलीचं काय?

खरिपाची पैसेवारी, म्हणजे नेहमीच्या पिकाचा एक रुपया धरला तर यंदा किती पैसे पीक आलं याचा सरकारी अंदाज, जाहीर झाली की गावात एकच विचारणा: ५० पैशांच्या खाली की वर? पण पैसेवारी पिकापुरतं बोलते. घरात चूल किती महिने पेटेल, हे त्यावरून कळत नाही. ते मोजायची रीत म्हणजे उपजीविकेचं विश्लेषण. 'सेव्ह द चिल्ड्रन' या संस्थेनं १९९० नंतर ती पुढे आणली आणि आफ्रिकेतल्या दुष्काळी देशांत ती खूप वापरली गेली.

यात आधी गावालाच विचारतात, इथे गरीब कुणाला म्हणता आणि बऱ्यापैकी खाऊनपिऊन सुखी कुणाला? मग एकेका थरातल्या घरांपुढे बसून वर्षाचा हिशेब मांडायचा. घरची ज्वारी कोणत्या महिन्यापर्यंत पुरली? खुरपणीला किती दिवस गेलात? बोकड केवढ्याला गेला? सगळी उत्तरं उष्मांकांत बदलतात. माणशी रोज २१०० किलोकॅलरी धरल्या, तर पाच जणांच्या घराला वर्षाकाठी साधारण ११ क्विंटल ज्वारीइतके उष्मांक लागतात.

आता समजा, एका घराची ४० टक्के गरज शेतातून भागते, ४० मजुरीतून आणि २० शेळ्या विकून. पाऊस दगा देतो. पीक निम्मं, म्हणजे ४० चे २०. शेतात खुरपायला-कापायला काही नाही, म्हणून मजुरीचे दिवसही निम्मे. त्यात ज्वारी दुप्पट महाग. म्हणजे ४० चे २०, आणि २० चे १०. चारा नाही म्हणून जो तो शेळ्या बाजारात आणतो, त्यांचा भाव निम्म्यावर येतो आणि त्या पैशांत महागडी ज्वारी घ्यायची, म्हणजे २० चे ५. बेरीज ३५. पीक बुडालं निम्मं, अन्न मात्र दोन तृतीयांश गेलं! सगळी मेख एक शेळी विकून किती ज्वारी घेता येते, यात आहे. मला या विषयाचं वेड लागलं ते याच गणितामुळे.

१९४३ च्या बंगालमधल्या दुष्काळाबद्दल अर्थतज्ज्ञ अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये हेच दाखवलं. त्यांच्या हिशेबानं धान्याचा पुरवठा आधीच्या पाच वर्षांच्या सरासरीपेक्षा सुमारे ५ टक्केच कमी होता, १९४१ पेक्षा तर जास्तच. तरी लाखो माणसं गेली. त्यांत शेतमजूर आणि मासेमार फार होते, कारण त्यांच्या मजुरीला आणि मासळीला तांदूळच मिळेना. दुष्काळ म्हणजे देवाचा कोप, असं म्हणून बेडकांची लग्नं लावणाऱ्यांनी हा हिशेब एकदा पाहावा. आणि उपग्रहाच्या नकाशावरून भूक ओळखल्याचे दावे करणाऱ्यांनीही. बोकडाचा भाव नकाशात दिसत नाही.

तूट पडली की घर आधी जेवण कमी करतं, मग शेळ्या, भांडी, डोरलं आणि शेवटी बैल. बैल गेला की पुढच्या वर्षी पाऊस चांगला होऊनही पेरणी अडते. म्हणून मदत बैल दावणीला असतानाच पोचायला हवी.

१९७२ चा दुष्काळ, मिलो ज्वारी आणि खडी फोडायची कामं आपल्याकडच्या म्हाताऱ्यांना अजून आठवतात. त्या अनुभवातून पुढे १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला. वरच्या हिशेबातल्या घराला अशा कामांतून मजुरीचे सगळे दिवस परत मिळाले, तर ३५ चे ४५ होतात. तीच मजुरी धान्यात दिली, तर महागाईची झळ लागत नाही आणि बेरीज ६५ वर जाते. शिवाय शेळ्या विकायची घाई उरली नाही की बाजारात त्यांचा भावही थोडा सावरतो.