इंजेक्टर मोठा, हिशोब खोटा

एप्रिल २०२० मध्ये प्रदूषणाचे बीएस-६ नियम आले आणि नव्या दुचाकींवरून कार्ब्युरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारा जुना भाग) जवळजवळ हद्दपार झाला. मग जुन्या इंजिनाला किंवा कॉलेजच्या गो-कार्टला घरीच फ्युएल इंजेक्शन (इंजेक्टर नावाच्या विजेवर उघडणाऱ्या झडपेतून पेट्रोलचा मोजका फवारा) बसवायची हुक्की येते, आणि पहिला सल्ला हमखास मिळतो: "कारचा इंजेक्टर टाक, मोठा आहे, पिकअप येईल!"

आधी हिशोब करू. इंजिन १५० सीसी, एका सिलिंडरचं. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच. ३० अंशाला इथल्या एक लिटर हवेचं वजन जेमतेम १.०९ ग्रॅम. सिलिंडर ८५ टक्के भरतो असं धरलं, तर दर खेपेला ०.१४ ग्रॅम हवा आत जाते. ई-२० (२० टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलला वजनाने सुमारे साडेतेरा पट हवा लागते. पूर्ण ताकदीला मिश्रण जरा रिच (जास्त पेट्रोलचं) हवं, म्हणून १२ पट धरू. म्हणजे पेट्रोल ११.६ मिलिग्रॅम. ८,५०० आरपीएमला क्रँकच्या (पिस्टनने फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) दोन फेऱ्या, म्हणजे एक खेप, १४.१ मिलिसेकंदांत होतात. त्यातला ८० टक्केच वेळ वापरायचा, म्हणजे ११.३. इंजेक्टर उघडण्यात गेलेला एक मिलिसेकंद वजा केला की उरले १०.३. उत्तर: ३ बार दाबाला मिनिटाला सुमारे ९० सीसी देणारा इंजेक्टर.

हा 'वजा केलेला एक' म्हणजेच डेड टाइम, आणि खरी गंमत त्यातच आहे. इंजेक्टरच्या कॉइलला व्होल्टेज दिलं तरी करंट एकदम चढत नाही. स्प्रिंग आणि पेट्रोलचा दाब यांच्यावर मात करण्याइतकं चुंबकत्व येईपर्यंत पेट्रोलची वाट अडवणारी आतली सुई जागची हलत नाही. व्होल्टेज कमी, तर करंट आणखी सावकाश चढतो. आयडलिंगला हेडलाइट लावून १४ चे १२ व्होल्ट झाले, की साधारण पाव मिलिसेकंद जास्त वाया जातो. आयडलिंगला पेट्रोल लागतं ३ मिलिग्रॅमच्या आसपास. ९० सीसीवाला ते २.७ मिलिसेकंदांत देतो, त्यात ९ टक्के चूक पडेल. कारचा २०० सीसीवाला १.२ मिलिसेकंदांतच देतो. तिथे तोच पाव मिलिसेकंद २० टक्के पेट्रोल खातो आणि इंजिन बंद पडतं. पिकअप राहिला बाजूलाच.

ईसीयूत, म्हणजे इंजेक्शन चालवणाऱ्या छोट्या संगणकात, व्होल्टेजनुसार दुरुस्तीचा तक्ता असतो, पण आकडे आपल्यालाच भरावे लागतात. ते मोजायला २ मिलिसेकंदांचे १,००० फवारे सिरिंजमध्ये गोळा करा, मग ४ मिलिसेकंदांचे १,०००. समजा १.५ आणि ४.५ सीसी भरले. वाढलेल्या दोन मिलिसेकंदांना ३ सीसी, म्हणजे एकाला १.५, पहिल्या खेपेत सुई एकच मिलिसेकंद उघडी होती, दुसरा वाया गेला. १२ आणि १४ अशा दोन्ही व्होल्टेजला करा, उघड्यावर आणि ठिणगीपासून लांब. इंजेक्टरचा रेझिस्टन्स १२ ते १६ ओहम असू द्या. २ ओहमचा ईसीयूतल्या साध्या ड्रायव्हर सर्किटला थेट जोडला तर ७ अँपिअरपर्यंत करंट जाऊन ट्रान्झिस्टर जळतो. बंद होताना उसळणारं व्होल्टेज झेलायला कॉइलवर नुसता डायोड टाकला तर सुई बंद व्हायलाही उशीर होतो. झेनर क्लॅम्प, म्हणजे ते व्होल्टेज ठरावीक मर्यादेपर्यंत चढू देणारा डायोड, हवा.

सेन्सरमध्ये क्रँकचा कोन आणि वेग सांगणारा सगळ्यात महत्त्वाचा. एका सिलिंडरला कॉम्प्रेशनमध्ये क्रँक स्पष्टपणे मंदावतो, म्हणून ३६ पैकी एक दात काढलेलं चाक बरं. व्हीआर सेन्सरची (दात समोरून गेला की सिग्नल देणाऱ्या चुंबक-कॉइलची) फट पाऊण मिलिमीटरच्या आसपास ठेवा, वायर शिल्डेड घ्या. किक हळू बसली की त्याचा सिग्नल मुळातच अशक्त असतो. मॅनिफोल्डमधला (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीतला) दाब दर खेपेला वरखाली उसळतो, म्हणून तो मोजणाऱ्या मॅप सेन्सरची नळी आखूड हवी आणि रीडिंग क्रँकच्या ठरलेल्या कोनालाच घ्यायचं.

हवेच्या तापमानाचा सेन्सर थंड झाला की त्याचा रेझिस्टन्स वाढतो. 'पॉवर चिप' म्हणून विकली जाणारी वस्तू पुष्कळदा याच वायरीत घातलेला एक रेझिस्टर असते: ईसीयूला हवा गार वाटते आणि तो जास्त पेट्रोल सोडतो. पेट्रोलच्या पाइपला बांधायचं चुंबक तर तेवढंही करत नाही.

एक्झॉस्टमधला ऑक्सिजन पाहणारा साधा लॅम्बडा सेन्सर मिश्रण रिच की लीन (कमी पेट्रोलचं) एवढंच सांगतो, किती ते नाही. ट्यूनिंगला 'किती' तेही सांगणारा वाइडबँडच लागतो. तो आडव्यापेक्षा निदान १० अंश वर कलता बसवा, नाहीतर सायलेन्सरमधलं पाणी तापलेल्या सिरॅमिकवर पडून ते तडकतं.