त्वचेचा विद्युतरोध मोजणाऱ्या छोट्या उपकरणांची पार्श्वभूमी

गोव्यातील मुरगाव बंदरात मे महिन्याच्या उकाड्यात क्रेन चालवणाऱ्या माणसावरील मानसिक ताण त्वचेच्या विद्युतरोधावरून मोजायचा ठरवला (घाम आला की हा रोध घटतो), तर अंगावरचा घाम उन्हाचा किती आणि धास्तीचा किती, हे आधी ठरवावे लागते.

या मापनाची सुरुवात घामापासून झाली नव्हती. १८८८ मध्ये फ्रेंच वैद्य शार्ल फेरे यांनी शरीरातून क्षीण विद्युतप्रवाह सोडला आणि आवाज, वास यांसारख्या उद्दीपनांनी त्वचेचा रोध घटतो असे दाखवले. दोन वर्षांनी शरीरक्रियाशास्त्रज्ञ तारखानॉव्ह यांनी बाहेरचा प्रवाह न देताच त्वचेवरील दोन बिंदूंमधील विभवांतर, म्हणजे विद्युतदाबातील फरक, नोंदवले. पुढे झुरिकमध्ये मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंग यांनी शब्दसाहचर्याच्या चाचण्यांना (एक शब्द ऐकून मनात येणारा पहिला शब्द सांगायचा) या मापनाची जोड दिली. तेव्हाचे आरशाचे गॅल्व्हानोमीटर, म्हणजे क्षीण प्रवाह मोजणारे यंत्र, मात्र प्रयोगशाळेच्या टेबलावरून हलण्यासारखे नव्हते.

उपकरण लहान होण्यामागे इलेक्ट्रॉनिक भागांइतकेच मापनाचे शास्त्रही आहे. खारट घामाने भरलेली प्रत्येक घर्मनलिका समांतर जोडलेल्या रोधासारखी वागते, त्यामुळे रोधांची नव्हे तर वाहकतांची (वाहकता म्हणजे रोधाचा व्यस्त) बेरीज होते. म्हणूनच लिकेन आणि व्हेनेबल्स या संशोधकांनी १९७१ मध्ये स्थिर ०.५ व्होल्ट दाब देऊन थेट वाहकता मोजण्याची शिफारस केली. त्वचेची वाहकता १० मायक्रोसिमेन्स (सिमेन्स हे वाहकतेचे एकक) असेल, तर या दाबाला जेमतेम ५ मायक्रोअँपिअर प्रवाह वाहतो, आणि तो मोजायला एक ऑपरेशनल अँप्लिफायर (क्षीण संकेत वाढवणारी चिप), मोजके रोधक व लहान बॅटरी पुरते. खरी कसोटी इलेक्ट्रोडची, म्हणजे त्वचेला टेकणाऱ्या धातूच्या टोकाची, असते. साध्या धातूवर एकदिश प्रवाहाने ध्रुवीकरण होऊन (पृष्ठभागावर विद्युतभार साचून) वाचन सरकत जाते. चांदी आणि सिल्व्हर क्लोराइडचा इलेक्ट्रोड वापरल्यास हा दोष पुष्कळ कमी होतो.

तळहात आणि तळपाय यांच्या घर्मग्रंथी भावनिक ताणाला विशेष प्रतिसाद देतात, तर मनगटावरचा घाम बराचसा उष्णतेचा असतो. काम करणाऱ्याला मनगटी पट्टा सोयीचा, हे खरे. पण गोव्याच्या दमट हवेत त्यासोबत त्वचेचे तापमान आणि हाताची हालचाल नोंदवली नाही, तर त्या आकड्यांवर विसंबणे मला धोक्याचे वाटते.

याच्या अगदी उलट परिस्थितीचा संबंधही गोव्याशीच आहे. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघाली, आणि आज राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र मुरगावजवळच्या सडा या भागातच आहे. ध्रुवीय थंडीत त्वचा गार व कोरडी पडून मूळ वाहकताच खाली जाते. त्यामुळे धक्क्यावरच्या कामगारासाठी जुळवलेली मापनश्रेणी तिथल्या माणसासाठी नव्याने जुळवावी लागते.