थंडर 2012 ला 'पोरं घाबरली' म्हणून हरले?

2012 ची एनबीए (अमेरिकेतली बास्केटबॉल लीग) फायनल निघाली की हमखास ऐकू येतं, ओक्लाहोमाच्या थंडर टीमची पोरं मोठ्या स्टेजवर घाबरली म्हणून मायामीकडून 4-1 हरली. अहो पण पहिली मॅच त्यांनीच 105-94 ने मारली होती ना! त्यांचा ड्युरंट 23 वर्षांचा, सिरीजभर सरासरी 30 च्या वर पॉइंट, वेस्टब्रुकने चौथ्या मॅचमध्ये एकट्याने 43 काढले, ही घाबरलेली पोरं? आणि फिशर, पर्किन्स हे चॅम्पियन झालेले गडी टीममध्ये होतेच की.

खरी गोची वेगळीच. मायामीने आपल्या बॉशला सेंटरला (बास्केटजवळच्या उंच खेळाडूच्या जागी) खेळवून कोर्ट मोकळं केलं, इकडे थंडरच्या कोचने मात्र जड पर्किन्सला बरीच मिनिटं दिली, हार्डनचे शॉट बसेनात, आणि तिसऱ्या मॅचला फ्री थ्रो (फाउल झाल्यावर मिळणारे मोकळे शॉट) बघा, मायामी 35 पैकी 31, थंडर 24 पैकी 15, हरले किती? 6 पॉइंटने.

हां, एक चूक मात्र कच्चेपणाचीच, चौथ्या मॅचला 13.8 सेकंद बाकी, 3 ने मागे, मायामीच्या शॉट क्लॉकवर (शॉट मारायला मिळणारा ठरलेला वेळ) जेमतेम काही सेकंद उरलेले, नुसतं थांबायचं होतं, तर वेस्टब्रुकने मायामीच्या चाल्मर्सला फाउल केला. त्याने दोन्ही फ्री थ्रो घातले.